चार मित्र आणि कढईतलं तेल

मंडळी, सकाळच्या वेळी भंडारा जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारगावी एस. टी. तून उतरा. तुमसर असो, पवनी असो, साकोली, लाखनी, मोहाडी किंवा लाखांदूर असो, एक देखावा सगळीकडे सारखाच दिसेल. हॉटेलच्या दारात भट्टी पेटलेली, भट्टीवर कढई, कढईत आलुबोंडे, आणि आत बाकावर टेकलेली चारसहा माणसं. त्यांत एखादे गुरुजी असतात, एखादा शेतकरी, एखादा दुकानदार, एखादा पेन्शनर. ही माणसं काही भुकेपोटी आलेली नसतात. घरी न्याहारी असतेच. ती येतात ती एकमेकांसाठी.

काही मित्रमंडळींनी तर यासाठी वारच ठरवून घेतलेला असतो. कोणी रविवारी जमतात, कोणी बाजाराच्या दिवशी. या खेपेला एका हॉटेलचा समोसा, पुढच्या खेपेला दुसऱ्याची कचोरी, तिसऱ्याकडचा मूंगवडा, आणि चौथ्याकडचा आलुबोंडा, वरून लालभडक तर्री ओतलेला. पैसे आळीपाळीनं द्यायचे, आणि उठताना निकालही सांगायचा, की कुणाची तर्री पातळ होती आणि कुणाचा बोंडा कच्चा राहिला.

अशा बैठकीला पुष्कळ लोक रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात. मला तसं वाटत नाही. रोवणीला माणसं मिळतात का, धानाला भाव काय निघाला, गोसीखुर्दचं पाणी कालव्याला कधी सुटणार, कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाचं दुखणं वाढलं, ही सारी खबर या बाकावरच कळते. एखादा मित्र दोन खेपा आला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. पत्नी गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला हा बाक म्हणजे मोठाच आधार असतो. तेव्हा बैठक मोडा, असं मी सांगणार नाही. ती जरूर चालू ठेवा. फक्त बाकावर बसल्याबसल्या एक नजर त्या कढईकडे टाकत जा, एवढंच आजचं सांगणं आहे. त्यासाठी कढईत काय घडतं, हे थोडं समजून घेऊ.

आलुबोंडा तेलात सोडला की चर्र आवाज होतो आणि भोवती बुडबुडे उठतात. पुष्कळांना वाटतं, तेल उकळतंय. पण तेल उकळत नाही, ते बोंड्यातलं पाणी असतं. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं, आणि तळणीचं तेल असतं १७० ते १९० अंशांच्या आसपास. बेसनातल्या पाण्याची झटक्यानं वाफ होते आणि ती जोरानं बाहेर पडते. वाफ बाहेर येत असते तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही. वरचं पीठ मात्र वाळून कडक होतं. त्यालाच आपण खुसखुशीत म्हणतो.

आता तेल पुरतं तापलेलं नसेल, तर काय होईल? वाफेला जोर राहणार नाही, कवच लवकर धरणार नाही, बोंड्याला कढईत फार वेळ पडून राहावं लागेल आणि तो तेलकट होईल. म्हणूनच जाणता आचारी आधी पिठाचा एक थेंब तेलात टाकून बघतो. थेंब तळाशी बसून राहिला, तर तेल थंड. लगेच वर येऊन तरंगला, तर बेताचं. पडताच काळा झाला, तर फार तापलेलं.

आणखी एक गंमत आहे. बोंडा पुष्कळसं तेल पितो तो कढईत नव्हे, कढईतून काढल्यावर. बाहेर आला की आतली वाफ निवते, तिथं पोकळी होते, आणि अंगाला चिकटलेलं तेल त्या पोकळीत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर घेतल्याबरोबर, गरम आहे तोवरच, तो चांगला निथळला पाहिजे. परातीत ढीग करून ठेवलेले बोंडे आपलंच तेल पीत बसतात.

हे झालं बोंड्याचं. आता तेलाचं बघू.

एकाच तेलात घाण्यामागून घाणे निघू लागले की तेल तीन बाजूंनी मार खातं. पदार्थातलं पाणी त्याला फोडतं, हवेतला प्राणवायू त्याला खवट करतो, आणि उष्णता त्याचे बारीक कण एकमेकांना जोडून त्याला दाट, चिकट करते. अशा तेलाचा रंग काळपट होतो. वर फेस येतो आणि तो लवकर बसत नाही. आच बेताची असतानाही धूर निघू लागतो. खाल्ल्यावर घशाशी खवखवतं. कढईच्या काठावर बसणारा लाखेसारखा पिवळट चिकटा तुम्ही पाहिला असेल. तो बिघडलेल्या तेलाचाच.

असं तेल रोज पोटात गेलं, तर ते हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना चांगलं नाही. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून एक मर्यादा घालून दिली. तेल बिघडल्यावर त्यात जे पदार्थ तयार होतात, त्यांचं प्रमाण शेकडा २५ च्या वर गेलं, की ते तेल तळणीला वापरायचं नाही. हे मोजायचं यंत्र असतं. आपल्यापाशी यंत्र नाही, पण डोळे आणि नाक आहे. रंग, फेस, धूर, वास, या चार खुणा कोणालाही ओळखता येतात.

सगळी तेलं सारखी नसतात, हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडे धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीत जवस आणि लाखोळी फेकण्याची जुनी चाल आहे. त्यामुळे विदर्भात जवसाचं तेल पूर्वी घरोघरी असे. हे तेल गुणाचं आहे, पण हवेत ते फार लवकर बदलतं. पातळ थर पसरून ठेवला तर काही दिवसांत वाळून कातडीसारखा होतो. म्हणून तर रंग आणि वार्निश बनवणारे ते वापरतात. जो गुण दाराच्या रंगाला चांगला, तो तळणीला वाईट. जवसाची चटणी जरूर खा, त्या तेलात तळत मात्र बसू नका. सोयाबीनचं तेलही शेंगदाण्याच्या तेलापेक्षा आचेवर लवकर बिघडतं. ते वापरू नये असं नाही, पण ते अधिक लवकर बदलावं लागतं.

भांड्याचाही संबंध आहे. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. पण तांबं तेलाला झपाट्यानं खवट करतं, आणि पितळेत तांबं असतंच. तेव्हा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात तळणीचं तेल तापवू नये, साठवूनही ठेवू नये. वापरून वापरून काळी तुकतुकीत झालेली लोखंडी कढई किंवा स्टीलची कढई बरी.

आता पिठाकडे वळू. आलुबोंड्याला बेसन लागतं ते हरभऱ्याच्या डाळीचं. लाखोळीची डाळ दिसायला जवळपास तशीच असते, म्हणून बेसनात तिची भेसळ होऊ शकते. लाखोळी हे आपल्या बांधीतलं पीक, तिचे वडेही आपण खातो, आणि कधीमधी खाल्ल्यानं बिघडत नाही. पण दुष्काळात जिथं महिनोन्महिने लाखोळी हेच मुख्य अन्न झालं, तिथं माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. त्या दुखण्याला लॅथिरिझम म्हणतात. याच कारणानं १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली होती, आणि त्या बंदीवरून पुढं पुष्कळ वर्षं वाद चालला. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, तर तिच्यातला दोष बराच कमी होतो. लाखोळी आहे असं सांगून कोणी वडा दिला तर तक्रार नाही. हरभऱ्याच्या पैशात न सांगता लाखोळी देणं, ही मात्र फसवणूक झाली.

आणि शेवटी कागद. गरम तेलकट बोंडा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवला, की छपाईची शाई तेलात उतरते आणि पोटात जाते. प्राधिकरणानं २०१६ च्या डिसेंबरात याबद्दल सावध केलं होतं, आणि वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला आता नियमानंही मनाई आहे. ज्या जिल्ह्यात पळस हवा तेवढा आहे, तिथं कागद लागावाच का? पळसाच्या पानाचा द्रोण तेल शोषत नाही, शाई सोडत नाही, आणि तो लावणाऱ्या बाईच्या हाती चार पैसेही पडतात.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हे सारं हॉटेलवाल्याला सांगा, आम्हाला कशाला? तर त्याची बाजूही ऐका. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणावं लागतं. तिकडं भाव चढला की इकडं डबा महागतो. त्यातच शेजारचा हॉटेलवाला बोंडा एक रुपयानं स्वस्त देतो, आणि गिऱ्हाईक तिकडं वळतं. मग हा कालच्याच तेलात आजचं थोडं ताजं तेल ओततो. पण त्यानं जुनं तेल सुधारत नाही, उलट ताजंही लवकर बिघडतं. हा माणूस लबाड असतोच असं नाही. त्याला हिशेब जुळवायचा असतो.

हा हिशेब बदलणं नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या हाती आहे. एकट्यादुकट्यानं विचारलं, "भाऊ, तेल केव्हाचं?" तर उत्तर उडवाउडवीचं मिळेल. पण दर रविवारी येणारी सहा माणसं गोडीगुलाबीनं म्हणाली, "दादा, आम्ही नेमानं तुमच्याकडेच येऊ, दोन रुपये जास्तही देऊ, पण आमचा घाणा ताज्या तेलात काढा आणि द्रोणात द्या," तर कोणता हॉटेलवाला नाही म्हणेल? त्याला भरवशाचं गिऱ्हाईक मिळतं, तुम्हाला चांगलं अन्न मिळतं. मात्र हे बोलणं चारचौघांत त्याचा पाणउतारा करून होऊ नये. गर्दी ओसरल्यावर, गल्ल्यापाशी उभं राहून, आपलेपणानं व्हावं.

त्याला आणखी चार गोष्टी सुचवता येतील. तेलात पडलेला चुरा वरचेवर काढावा, कारण तो जळून तेल काळं करतो. घाणा नसेल तेव्हा आच मंद करावी. कढईवर मीठ शिंपडू नये. रात्री तेल गाळून झाकून ठेवावं. उरलेलं काळं तेल नालीत ओतू नये. २०१८ पासून असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना आहे. जिथं गोळा करणारे येतात, तिथं त्यांना ते विकता येतं.

आता थोडं आपल्या जिभेबद्दल. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जो दिवसाच्या जेवणाचा नमुना दिला, त्यात तेलतूप सगळं मिळून सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे, म्हणजे दोन मोठे चमचे जेमतेम. त्यातच भाजीची फोडणी आली. एक ग्रॅम तेलातून ९ उष्मांक मिळतात, धान्यातल्या पिठुळ भागातून ४. म्हणून आठवड्यातून एकदा बैठक असावी, रोज नको. ज्या मित्राला डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलं आहे, त्याला "एकानं काय होतं!" असा आग्रह करू नका. त्याच्यासाठी साधे पोहे मागवा. तो मित्र बाकावर असणं महत्त्वाचं, त्याच्या बशीत काय आहे याला महत्त्व नाही.

गुरुजनांसाठी दोन सोपे प्रयोग सांगतो. पहिला तेल मोजण्याचा. घरी किंवा शाळेत मोठ्या माणसानं वडे तळायचे. तळण्याआधी तेलाचं वजन करा, वीस वडे तळल्यावर निवलेल्या तेलाचं पुन्हा करा. जेवढं कमी भरलं त्याला वीसनं भागा. कढईला आणि झाऱ्याला लागून थोडं जातं, पण एका वड्यात साधारण किती तेल गेलं याचा अंदाज मुलांना स्वतःच्या हातानं काढता येईल. भागाकार शिकवायला याहून चवदार उदाहरण कुठलं? दुसरा प्रयोग तेल ओळखण्याचा. काचेच्या दोन तुकड्यांवर जवसाचं आणि शेंगदाण्याचं तेल पातळ पसरून आठपंधरा दिवस उन्हाउजेडात ठेवा, आणि रोज बोट लावून पाहा. एक चिकट होत वाळू लागेल, दुसरं ओलंच राहील. तेल हवेनं बदलतं, हे मुलं मग विसरणार नाहीत.

मंडळी, बटाटा आणि मिरची दोन्ही सातासमुद्रापलीकडून, अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आली. आपण त्यांना आपल्या बेसनात घोळवलं, आपल्या तर्रीत बुडवलं आणि आपलंच करून टाकलं. अशा या नाश्त्याभोवती जमलेली मैत्री पुष्कळ वर्षं टिकायची असेल, तर बाकावरची माणसंही धडधाकट राहिली पाहिजेत. पुढच्या रविवारी बसाल तेव्हा तेलाचा रंग पाहा, पीठ कशाचं ते विचारा, कागदाऐवजी पान मागा. आणि पैसे देण्याची पाळी तुमची असेल, तर दोन रुपये जास्त द्यायला कुरकुर करू नका.