दुखऱ्या दाढेला कोणता दंतवैद्य?

दातदुखीने रात्रभर तळमळलेला मनुष्य सकाळी दवाखान्याच्या खुर्चीत बसतो तेव्हा दुखणारा दात आपण बोट ठेवून दाखवू शकू अशी त्याची पक्की समजूत असते. परंतु शरीररचनेने हे सामर्थ्य त्याला सर्व प्रसंगी दिलेले नाही. दाताच्या गाभ्यातील मज्जेत, जिला व्यवहारात आपण नस म्हणतो, वेदनेचे तंतू विपुल असले तरी वेदनेचे स्थान सांगणारे तंतू जवळजवळ नसतात, आणि वरच्या व खालच्या दोन्ही जबड्यांच्या संवेदना एकाच ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या शाखांतून मेंदूकडे जात असल्यामुळे, किडलेली दाढ खालची असूनही ठणका वरच्या दाढेत, कानात किंवा कानशिलात उमटतो. मज्जेतला दाह मुळाच्या टोकाबाहेर, दाताला हाडात बांधून ठेवणाऱ्या तंतुबंधापर्यंत पोहोचला, म्हणजे मात्र चित्र पालटते. त्या बंधात दाब आणि स्थान यांची जाणीव देणारे तंतू असल्याने दात चावताना दुखतो आणि रोगी नेमका तोच दात दाखवतो. आपल्याला कळते ती केवळ वेदना, आणि विशेषज्ञ ठरतो तो कोणता भाग रोगग्रस्त आहे यावरून; म्हणून विशेषज्ञाची निवड ही निदानानंतरची गोष्ट आहे, आधीची नव्हे.

मुंबईच्या पवईत हा क्रम सहज उलटा होतो. आय. आय. टी.च्या परिसरापासून हिरानंदानी संकुलापर्यंत आणि तेथून चांदिवली व साकी विहार मार्गापर्यंत दंतचिकित्सालयांची वाण नाही. त्यांच्या पाट्यांवर इम्प्लांट, लेझर, अलाइनर, स्माइल डिझाइन हे शब्द ठळक अक्षरांत असतात, आणि रहिवासी त्या शब्दांवरूनच आपला वैद्य निवडतो. वास्तविक पाहता वाचावयाची ती पदवी. पाच वर्षांच्या शिक्षणानंतर, ज्यात एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असते, बी. डी. एस. ही पदवी मिळते. त्यापुढे तीन वर्षे एकाच विषयाचा अभ्यास केल्यावर एम. डी. एस. ही पदव्युत्तर पदवी मिळते, आणि १९४८च्या दंतवैद्यक कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय दंत परिषदेने या पदवीसाठी नऊ शाखा मान्य केल्या. या नऊंत इम्प्लांटची अथवा सौंदर्यवर्धनाची स्वतंत्र शाखा नाही. तेव्हा ‘एम. डी. एस., पण कोणत्या विषयात?’ असे नम्रपणे विचारण्यास संकोच बाळगू नये, आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडील नोंदणीक्रमांकाची खातरजमाही अवश्य करून घ्यावी; तो दवाखान्यात लावणे आणि पावतीवर नमूद करणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

माझ्या मते प्रथम जावे ते घराजवळच्या, कुटुंबाला ओळखणाऱ्या बी. डी. एस. डॉक्टरांकडे. कीड भरणे, दातांवरचे किटण काढणे, साधा दात उपटणे, पुष्कळशी रूट कॅनल चिकित्सादेखील त्यांच्या अधिकारातली आहे, आणि आपल्या हद्दीपलीकडचे काम कोणते व ते कोणाकडे सोपवावे याचा निर्णय त्यांच्याइतका योग्य दुसरा कोणी देऊ शकत नाही. शिवाय दुखणे दाताचे नाही हेही बहुधा त्यांच्याच ध्यानात येते. सर्दीनंतर गालाच्या हाडातील पोकळीला सूज आली म्हणजे वरच्या दाढा एकदम दुखू लागतात. विजेचा झटका बसावा तशी क्षणिक व असह्य कळ ट्रायजेमिनल मज्जातंतूच्याच विकाराची असू शकते, आणि ती न ओळखल्यामुळे निरोगी दात काढले गेल्याची उदाहरणे वैद्यकाला अपरिचित नाहीत. जिना चढताना जबडा दुखू लागतो आणि विसावल्यावर दुखायचा थांबतो, तेव्हा दंतवैद्याकडे नव्हे, हृदयरोगतज्ज्ञाकडे धाव घ्यावयाची असते.

निदान मज्जेच्या दाहाचे झाले, म्हणजे थंड पाण्याची कळ घोट गिळल्यावरही मिनिटभर रेंगाळते, गरम चहा सोसत नाही, झोपेतून ठणक्याने जाग येते, अशी लक्षणे असली, तर प्रश्न रूट कॅनलचा असतो, आणि गुंतागुंतीच्या दाढेसाठी एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे दंतमूलचिकित्सेचा विशेषज्ञ, गाठावा. या कामाची सूक्ष्मता बाहेरून कळत नाही. वरची पहिली मोठी दाढ घ्या: तिला मुळे तीन, परंतु गालाकडील पुढच्या मुळात बहुधा एक चौथी, केसासारखी बारीक नलिका दडलेली असते, ती सापडली नाही तर तिच्यातले जंतू तसेच राहतात आणि वर कॅप बसवून वर्ष-दोन वर्षे लोटल्यावर तीच दाढ पुन्हा सुजते. विशेषज्ञ दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून लाळ दूर ठेवतो, सूक्ष्मदर्शकाखाली दाताच्या तळाचा रंग न्याहाळत त्या नलिकेचे तोंड शोधतो आणि लवचीक कानशीने ती मुळाच्या टोकापर्यंत साफ करतो. या कामाला जो अवधी आणि जे शुल्क लागते ते मला अवास्तव वाटत नाही.

हिरड्यांचा रोग मज्जेच्या दाहाच्या अगदी विरुद्ध प्रकृतीचा आहे. तो दुखत नाही. ब्रश करताना थुंकीत रक्त दिसते, दातांत फटी पडतात, तोंडाला वास येतो, आणि आतमध्ये हाड हळूहळू झिजत जाते. मधुमेह्यांत हा रोग बळावतो आणि उलटपक्षी त्याच्या दाहामुळे रक्तातील साखर आवरणे कठीण होते. म्हणून प्रत्येक मधुमेही व्यक्तीने, काहीही दुखत नसता, वर्षातून एकदा तरी हिरड्या तपासून घ्याव्यात आणि दात हलू लागण्यापूर्वीच पेरिओडॉन्टिस्टचा सल्ला घ्यावा.

मुलांच्या बाबतीत एक गैरसमज फार हानी करतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसल्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी पडेलच म्हणून दुर्लक्ष करतात. ती कायमची दाढ असते, आणि एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या ठेवणीचे जे वर्गीकरण केले ते याच दाढेच्या स्थानावर उभे आहे. दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत पुढच्या दातांची जागा राखून ठेवतात, तेव्हा त्या वाचवण्याची तजवीज बालदंतरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी. तार बसवणारा ऑर्थोडॉन्टिस्ट हा स्वतंत्र विशेषज्ञ होय. तो दाताला ढकलत नाही, हाडाला नव्याने घडण्यास लावतो: दाबाच्या बाजूस काही पेशी हाड विरघळवतात, ताणाच्या बाजूस दुसऱ्या पेशी ते रचतात, आणि दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर या गतीने सरकतो, घाईने होणारे हे काम नव्हे.

कवळी, ब्रिज आणि झिजलेल्या दातांची पुनर्रचना हे प्रोस्थोडॉन्टिस्टचे क्षेत्र. हाडात अडकलेली अक्कलदाढ आणि जबड्याचा अस्थिभंग मुखशल्यचिकित्सकाचे. टायटेनियम हाडाशी एकजीव होते हे ओळखून स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला जे इम्प्लांट बसवले, ते आज हे दोघे व हिरड्यांचे विशेषज्ञ असे तिघेही बसवतात.

मुखरोगनिदानाची शाखा लोकांना फारशी ठाऊक नाही, ही मला सर्वांत चिंतेची बाब वाटते. मशेरी आणि सुपारी यांची सवय आपल्या समाजात खोल रुजली आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठ व पांढुरकी होत जाऊन तोंड उघडेनासे होते. श्वार्ट्झ यांनी १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत हा विकार नोंदवला आणि पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस असे म्हटले. त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. तिखट झोंबू लागले, उभी धरलेली तीन बोटे तोंडात मावेनाशी झाली, किंवा एखादा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर दात शाबूत असले तरी या विशेषज्ञाकडे जावे. लागल्यास तो व्रणाचा तुकडा काढून मुखविकृतिशास्त्रज्ञाकडे तपासणीस धाडील.

निदानच संदिग्ध असेल, किंवा खर्च झेपत नसेल, तर महापालिकेचे मुंबई सेंट्रल येथील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, जे १९३३ पासून चालू आहे, आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय येथे निरनिराळ्या शाखांचे विशेषज्ञ एकाच आवारात भेटतात. दुसऱ्या ठिकाणी पवईहून जाणे सोपे, कारण कांजूरमार्गाहून लोकल थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला नेते. जाताना जुने एक्स-रे, पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी, मधुमेह असल्यास साखरेचा ताजा अहवाल आणि चालू औषधांची यादी जवळ ठेवावी. विशेषतः हाडांच्या ठिसूळपणावरील औषध घेत असल्यास ते दात काढण्यापूर्वी सांगावे, कारण त्यामुळे क्वचित जबड्याची जखम भरून येत नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनाने बंद करून जाऊ नये.