पश्चिमेला उगवलेला पौर्णिमेचा चंद्र

मालवणच्या फोटोंमध्ये एक प्रकार हमखास असतो. समोर सिंधुदुर्गाचा काळसर तट, वर जांभळं आभाळ आणि तटाच्या माथ्यावर टेकलेला परातीएवढा पूर्ण चंद्र. खाली ओळ, ‘मालवणची संध्याकाळ’. त्याखाली ‘अप्रतिम’, ‘कडक’, ‘स्वर्ग’ यांची रांग लागते. मग एखादा गाववाला मालवणीत विचारतो, “पुनवेचो चंद्र दर्यातसून कधीपासून उगवाक लागलो?”

त्या सगळ्या रांगेत फोटो खरोखर पाहिलेला माणूस तेवढाच. कुरटे बेटावरचा हा किल्ला मालवण शहराच्या पश्चिमेला आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमारास पूर्वेला, म्हणजे जमिनीच्या बाजूला उगवतो. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून संध्याकाळी तो किल्ल्यावर दिसायचा, तर आभाळच फिरवावं लागेल. तिथे तो संगणकावर आणून बसवलेला आहे.

अभिप्राय म्हणून या टोमण्याला मी दहापैकी पाच गुण देईन. चूक अचूक पकडली, पण फोटो काढणाऱ्याच्या हाती काहीच दिलं नाही. आणखी दोन वाक्यं जोडली असती तर काम झालं असतं: पौर्णिमेची रात्र संपता संपता, पहाटे, हाच चंद्र पश्चिमेला मावळतो, त्या वेळी ये. ऋतूप्रमाणे त्याची जागा उत्तर-दक्षिण सरकते, म्हणून उभं राहण्याची जागा आदल्या दिवशी हेरून ठेव. आणि संध्याकाळच हवी असेल तर शुक्ल पक्षातली बीज-तीजेची कोर आहेच. ती सूर्यापाठोपाठ पश्चिमेलाच उतरते, उजळ बाजू मावळलेल्या सूर्याकडे ठेवून. कोर बाहेरून आणून चिकटवणारे बहुतेक वेळा तिथेच सापडतात. उजळ बाजू भलतीकडेच असते.

आपल्याकडे फोटोंवरच्या बोलण्याचे दोनच सूर ऐकू येतात. एक ‘एक नंबर’चा आणि दुसरा ‘फोटोशॉप मारलंय’चा. दोन्हींत फोटोबद्दल काही नसतं. पहिल्यात नातं जपलेलं असतं, दुसऱ्यात आपण फसलो नाही याचा आनंद. जाणत्या अभिप्रायात बोट फ्रेममधल्या एका जागेवर ठेवलेलं असतं: इथे, या कोपऱ्यात, या कडेला.

अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990 मध्ये कलाकृतीवर बोलण्याची एक रीत बसवली. पाहणाऱ्याने आधी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग कलाकाराने आपले प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्याने, मत आत न दडवता, साधे प्रश्न विचारायचे. मत सर्वांत शेवटी, तेही ‘सांगू का?’ असं विचारून. नृत्यासाठी बसवलेली ही रीत फोटोला चपखल बसते. ‘आकाश एवढं भडक का केलंस?’ हा प्रश्न नाही, तो प्रश्नचिन्ह लावलेला शेरा आहे. ‘तू उभा होतास तेव्हा आकाशाचा रंग काय होता?’ हा प्रश्न. उत्तर देताना फोटोवाल्याचं बोट आपोआप स्लायडरकडे वळतं.

एक फोटो जवळून पाहू. बंदरावरून टिपलेला किल्ला, मागे केशरी सूर्यास्त. प्रथमदर्शनी छान. पण सूर्य किल्ल्याच्या मागे असेल तर आपल्याकडची तटाची बाजू सावलीत हवी. इथे तर एकेक चिरा मोजता येईल इतका उजेड तटावर आहे. म्हणजे एकतर सावल्या बेसुमार उचलल्यात, नाहीतर तट सकाळी टिपून त्यावर दुसरंच आभाळ बसवलंय. फोटोशॉपमध्ये 2020 पासून आभाळ बदलायची सोयच आली आहे, त्यामुळे हे काम आता क्षणाचं. पुढे तटाच्या वरच्या कडेकडे पाहा. आभाळ आणि दगड भेटतात तिथे एक बारीक पांढरी रेघ धावतेय. क्लॅरिटी किंवा एचडीआर हात सैल सोडून वापरलं की ही रेघ उमटते. मग खाली पुळणीवरची माणसं. त्यांचे चेहरे केशरी झालेत, कारण आभाळासाठी केशरी रंग ओढला आणि माणसाची कातडी, वाळू आणि चिऱ्याचं घर त्याच पट्ट्यात येतात. उपाय सोपा आहे. आभाळापुरता मास्क लावायचा आणि बाकी फोटोला हात लावायचा नाही. शेवटी क्षितिज. ते डावीकडे किंचित कललंय. डोंगराचा फोटो थोडा कलला तर खपून जातो, दर्याचा खपत नाही.

एवढं सगळं एका दमात सांगू मात्र नये. मी असतो तर आधी आभाळाचं विचारलं असतं. ते आभाळ दुसरीकडचं निघालं, तर पांढऱ्या रेघेवर बोलण्यात अर्थच उरत नाही.

रंग वाढवलेले दिसले की लगेच खोटेपणाचा आरोप करणाऱ्यांसाठी याच किनाऱ्यावर एक चांगला धडा आहे. मालवण-तारकर्लीला स्कूबा केलेल्या पर्यटकांना पाण्याखालचे फोटो मिळतात. सगळं निळं-हिरवं, चेहरे आजारी असल्यासारखे. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं. पाचेक मीटर खाली गेलं की लाल बराचसा नाहीसा झालेला असतो. त्यामुळे बाजारात टोपलीत लालबुंद दिसणारी तांबोशी पाण्याखालच्या फोटोत करडी दिसते. फोटोवाल्याने व्हाइट बॅलन्स सुधारून तिचा लाल परत आणला, तर तो खोटारडा की खरा? खाली डोळ्यांनाही तो लाल दिसला नव्हता. पण माशाच्या अंगावर तो आहेच. मला ही दुरुस्ती मान्य आहे. त्याच फोटोत पोवळ्यांवर गुलाबी-जांभळे रंग फासलेले मात्र मान्य नाहीत, कारण ते ना डोळ्यांनी पाहिले ना पोवळ्यावर होते. फ्लॅश मारल्यावर पाण्यातले कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. ते पुसले तर माझी हरकत नाही. इथे कुणी माझ्याशी भांडू शकेल आणि भांडावं.

बातमीच्या छायाचित्रणात ही मोकळीक नाही. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत 2015 मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे 20 टक्के बाद झाली. मूळ फाइल शेजारी ठेवून पाहिल्यावर त्यांत काही घातलेलं किंवा काढून टाकलेलं सापडलं होतं. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, त्याबद्दल आजही बोललं जातं. लग्नाच्या अल्बममध्ये विजेची तार पुसली तर कुणी दाद-फिर्याद मागत नाही. म्हणून अभिप्राय देण्याआधी एक चौकशी करावीच: हा फोटो कशासाठी? भिंतीवर लावायला, हॉटेलच्या जाहिरातीला, की पावसात किनाऱ्याची काय अवस्था झाली ते दाखवायला? जुलैतला इथला दर्या गढूळ, मातकट असतो. काळ्या ढगांखाली नीलमण्यासारखं पाणी दाखवून त्यावर ‘आजचं मालवण’ लिहिलं असेल, तर तो रंगाच्या आवडीनिवडीचा मामला राहत नाही.

घेणाऱ्याच्या बाजूलाही पथ्यं आहेत. ‘कसा वाटला?’ असं विचारलं की ‘छान’ येणारच. ‘डावीकडची होडी ठेवू की कापू?’ असं विचारलं की समोरचा डोळे बारीक करून पाहतो. मूळ फोटो आणि संस्कार केलेला फोटो, दोन्ही दाखवावेत. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि तपशील जातो. मग ‘शार्प नाही’ असं कुणी म्हटलं तर त्याचा दोष नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून रात्री अंधारात केलेलं एडिटिंग छापून आल्यावर काळवंडतं, तेव्हा दिवसाउजेडी एकदा पाहून मगच दाखवावा. आणि सर्वांत अवघड पथ्य म्हणजे कष्टाची कहाणी न सांगणं. पहाटे चारला उठलो, गुडघाभर पाण्यात उभा होतो, पायाला कालवं लागली, हे फोटोत दिसत नाही. ते ऐकल्यावर समोरच्याला खरं बोलणं जड जातं.

स्पर्धा-प्रदर्शनांचा मार्ग असतोच. मुंबईची ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ 1937 पासूनची, तर देशोदेशीच्या सलॉनांना मान्यता देणारी ‘फिआप’ ही संस्था 1950 ची. सलॉनात परीक्षक गुण देतात आणि गुणांवरून फोटो स्वीकारला की नाकारला ते कळतं. का नाकारला, ते कळत नाही. वर्षानुवर्षं सलॉनांना फोटो पाठवणारी माणसं मग परीक्षकांना काय आवडतं याचा अंदाज बांधू लागतात आणि सगळ्यांचे फोटो एकमेकांसारखे दिसू लागतात. गुण मिळवायला हे ठीक, शिकायला नाही.

फोटोग्राफर नसलेल्याचं मत किती उपयोगी पडतं, ते रापणीच्या फोटोवरून कळतं. पर्यटकाने काढलेला फोटो असा असतो: दोरी खेचणाऱ्या माणसांची तिरकी रांग, ताणलेले दंड, मागे लाट. रचना पक्की, क्रॉप घट्ट. असा फोटो रापणकराला दाखवा. तो दंडांकडे बघणारही नाही, “दुसरी बाजू खंय?” म्हणून विचारील. रापणीत दोरीचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं अर्धगोलात टाकत जाते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणते. मग दोन जथे दोन्हीकडून ओढत एकमेकांच्या जवळ सरकतात. एकच रांग दाखवली की ती रस्सीखेच वाटते, मासेमारी वाटत नाही. आता मूळ फाइल उघडून पाहायची. उजव्या कडेला, कापून टाकलेल्या भागात, दुसऱ्या जथ्यातली दोनचार माणसं ठिपक्याएवढी सापडली तर क्रॉप सोडवून ती परत आणायची. फ्रेम सैल होईल, दंड लहान होतील आणि सलॉनात एखादा गुण जाईल. तीच रापणकराला पुन्हा दाखवायची, आणि या वेळी जाळ्याची कोणती बाजू आधी किनाऱ्याला लागते तेही विचारून घ्यायचं.