पडीक खदानीचे पाणी तपासणार कोण?

कामरगाव (जि. वाशीम) : मे महिन्याचे दिवस आठवा. विहिरीला दोर पुरत नाही, हापशाला वीस दांडे मारल्यावर एक बादली भरते आणि नळाची वाट पाहता पाहता दुपार होते. अशा वेळी सर्वांची नजर शिवारातल्या पडीक खदानीकडे वळते. कधीकाळी रस्त्यासाठी तिथून मुरूम आणि गिट्टी निघाली. काम संपले, ठेकेदार निघून गेला आणि खड्डा तेवढा गावाच्या वाट्याला आला. पावसाळ्यात तो भरला. आता सगळीकडे ठणठणाट असताना त्यात पुरुषभर पाणी चमकते आहे.

मग पारावर विषय निघतोच. ‘येवढं पानी पडून हाय, त्याले मोटर लावा अन् सोडा टाकीत!’ एखाद्याने शंका काढली, तर उत्तर तयार असते, ‘पानी त काचेवानी दिसते भाऊ, मंग तपासाचं काय काम?’

काम आहे, आणि ते करणारा माणूस आपल्या गावात हवा. एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

काचेसारखे दिसते, म्हणून चांगले नव्हे

खदानीचे पाणी स्वच्छ दिसते, कारण ते हलत नाही आणि गाळ तळाशी बसतो. पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटला ना रंग, ना वास.

आपल्या कारंजा तालुक्याची जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. या दगडात पाणी साठते ते भेगांत आणि सांध्यांत. चांगल्या जागी वरची माती आणि मुरूम पाणी गाळून खाली सोडतात. खदानीत ही चाळणीच आपण काढून टाकलेली असते. खड्ड्यात पडलेली घाण भेगांवाटे थेट खालच्या अंगाच्या विहिरीत जाऊ शकते. गावाचा केरकचरा, मेलेली जनावरे, फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे, हे सगळे कुठे टाकले जाते, ते तुम्हाला सांगायला नको. ‘खड्डा बुजतो आहे ना, बुजू द्या,’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तो खड्डा आपल्याच विहिरीचे तोंड असू शकतो.

नायट्रेटचे उदाहरण घ्या. शेणखताचे ढीग, संडासाचे खड्डे आणि युरिया यांतून ते पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लीटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त झाले, तर सहा महिन्यांच्या आतल्या वरच्या दुधाच्या बाळाला धोका असतो. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळसर पडते. आई बिचारी काळजीने पाणी उकळते, पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. ब्लिचिंग पावडरनेही ते जात नाही. हे फक्त तपासणीतच कळते.

दुसरीकडे काय झाले?

आपली खदान दगडाची आहे. कोळशाच्या खाणीचा त्रास निराळा असतो. कोळशासोबत लोखंड आणि गंधक यांचे एक खनिज येते. त्याला हवा-पाणी लागले, की आम्ल तयार होते आणि ते आम्ल दगडातले धातू विरघळवून पाण्यात आणते. मेघालयात जयंतिया टेकड्यांतल्या कोळशाच्या खाणींच्या भागात लुखा नदीचे पाणी हिवाळ्यात निळे पडू लागले आणि मासे मेले. राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये तिथल्या बिळासारख्या खाणींवर बंदी घातली. पण बंदी घातली म्हणून नदी दुसऱ्या दिवशी निवळत नाही. खाण बंद झाली, तरी पाणी झिरपतच राहते.

आपल्या काळ्या पाषाणातून सहसा असे आम्ल निघत नाही. हे आपले नशीब. पण पाणी कोणत्या दगडातले आहे, त्यात काय पडले आहे आणि ते कुठे वाहते, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही खदानीला प्रमाणपत्र देता येत नाही.

आता चांगली उदाहरणेही पाहा. दोन्ही आपल्या विदर्भातली, नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातली आहेत. गुमगावला मॅंगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगड-मातीच्या टेकड्यांवर काहीच उगवत नसे, कारण त्या मातीत ना सेंद्रिय अंश, ना जिवाणू. नागपूरच्या नीरी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, त्यांत डॉ. आशा जुवारकर यांचे नाव आघाडीवर आहे, त्या ढिगांत साखर कारखान्याची प्रेसमड मिसळली, रोपांच्या मुळांना रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि उपयोगी बुरशी दिली आणि तिथे झाडे उभी केली. बियाण्याला रायझोबियम चोळणाऱ्या सोयाबीन उत्पादकाला यात नवल वाटायचे कारण नाही. शेतातली युक्ती खाणीच्या ढिगावर वापरली, एवढेच. दुसरे उदाहरण पाटणसावंगीचे. तिथे वेस्टर्न कोलफिल्ड्सने कोळसा खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटलीत भरले. खाणीचे पाणी पिण्याजोगे करता येते, पण आधी तपासणी, मग शुद्धीकरण आणि त्यानंतर पिणे, हा क्रम चुकता कामा नये.

पाणी तपासणारा करतो तरी काय?

पुष्कळांना वाटते, की एक बाटली भरायची, प्रयोगशाळेत द्यायची आणि कागद आणायचा. काम त्याहून बरेच आहे.

रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा डबा त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरतात. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतून निर्जंतुक होऊन येते, ती विसळायची नसते. ती काठोकाठ भरायची नाही, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि होईल तितक्या लवकर, फार तर 24 तासांच्या आत पोहोचवायची. दोन दिवस मोटारसायकलच्या डिक्कीत फिरलेल्या बाटलीचा अहवाल कितीही छान आला, तरी त्याला अर्थ नाही.

गावात वापरायचा तपासणी संच आता बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात आम्लता, गढूळपणा, जडपणा, क्लोराईड, लोह, नायट्रेट, फ्लोराईड आणि उरलेला क्लोरीन पाहता येतो. जंतूंसाठी वेगळी कुपी असते. एक-दोन दिवसांत ती काळी पडली, तर पाणी दूषित समजावे. पण कीटकनाशके आणि सगळे जड धातू या संचात कळत नाहीत. खदानीत औषधांचे डबे पडत असतील, तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. संचाची मर्यादा ओळखणे, हेही तपासणाऱ्याचेच काम.

थोडा हिशेबही लागतो. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी 785 ने गुणा. आले लीटर. व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल, तर सुमारे 37,700 लीटर. हजार लीटरला 5 ग्रॅम या नेहमीच्या मापाने टीसीएल पावडर 190 ग्रॅमच्या आसपास लागेल. अर्धा तास थांबून ओटी चाचणी घ्यायची. शेवटच्या नळाला लीटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. अंदाजाने ओंजळभर टाकणारा आणि मोजून टाकणारा यांत हाच फरक.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदवही. एका तपासणीने पाण्याची कुंडली कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. त्याच विहिरी, तीच पद्धत, वर्षानुवर्षे. म्हणून पाणी कुठे खाली गेले, हे सांगता येते. गावाच्या पाण्याचीही अशीच वही हवी.

पोरापोरींसाठी वाट

आता आई-बापांशी थोडे बोलू. घरात बी.एस्सी. झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, पुण्याच्या कंपनीत जायचे की काय, असा विचार चालू आहे. तेव्हा या कामाचाही विचार करून पाहा.

पहिली पायरी गावातच आहे. 2019 मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले. त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची तरतूद झाली. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षकही असतो. पैसा इथे थोडा आहे, यावर घर चालत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण हात बसतो आणि बारावी झालेल्या मुलीला पुढची वाट दिसते.

दुसरी पायरी प्रयोगशाळेची. रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी केली, की पाणी तपासणी प्रयोगशाळांत काम मिळू शकते. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, याचीही कल्पना ठेवावी.

तिसरी पायरी भूगर्भशास्त्राची. अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत हा विषय शिकवला जातो. 1923 साली स्थापन झालेली ही संस्था आपल्यापासून काही फार लांब नाही. भूजल यंत्रणेतील भूवैज्ञानिकांची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. पर्यावरणाचे पुढचे शिक्षण घेतले, तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, नीरी, खाण कंपन्यांचे पर्यावरण विभाग आणि खासगी प्रयोगशाळा यांचे दरवाजे असतात. धनबादला 1926 पासून खाणविद्येची मोठी संस्था आहे. 2016 मध्ये तिला आयआयटीचा दर्जा मिळाला. खाणी बंद होत राहणार, त्या नीट बंद करणारी माणसे लागत राहणार. नोकरीची हमी कोणी देऊ नये. पण ज्याला उन्हात चालायचा कंटाळा नाही आणि खरा आकडा लिहायची सवय आहे, त्याला हे काम जमते.

खरा आकडा, यावर जोर मुद्दाम दिला. ‘लिहून टाक ना बावा, पानी चांगलं हाय,’ असे म्हणणारे वजनदार लोक प्रत्येक गावात भेटतात. त्या वेळी वाकला, तो या कामाचा नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे?

सरपंच मंडळी आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), तुमच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, शिवारातल्या प्रत्येक पडीक खदानीची नोंद करा. जागा कोणाची, परवाना कोणाचा, खोली किती आणि खालच्या अंगाला कोणत्या विहिरी आहेत. परवान्याची माहिती तहसील कार्यालयात आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे मागता येते. खाणकाम संपल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट परवान्यात असावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये दिला आहे. 2015 च्या दुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून खाणबाधित भागात पिण्याचे पाणी आणि पर्यावरण या कामांवर खर्च करता येतो. आपले गाव त्यात बसते का, हे लेखी विचारा.

दुसरी, खदानीत कचरा टाकणे आजपासून बंद. काठाला बांध घाला, म्हणजे गावाचे सांडपाणी आत जाणार नाही. सरळ तुटलेला काठ उतरता करून घ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला पोरे अशाच पाण्यात उतरतात. एका पावलावर घोटाभर आणि दुसऱ्यावर गळ्याच्या वर, अशी ती जागा असते.

तिसरी, पाण्याच्या प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, झाली की नाही, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. खदानीचे पाणी अहवाल येईपर्यंत पिण्याच्या टाकीत सोडू नका. बांधकामाला किंवा झाडांना देणे वेगळे.

चौथी, लाल, पिवळे, हिरवे कार्ड नुसते कपाटात ठेवू नका. लाल कार्ड मिळाले म्हणजे गावाची अब्रू गेली, असे नाही. धोका कळला, एवढेच. लपवले, तर मात्र खरे नुकसान.

वाचकहो, जनावर विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, बियाण्याची पिशवी उलटून तारीख पाहतो. रोज घशाखाली उतरणारे पाणी मात्र नुसते डोळ्यांनी पाहून पास करतो. येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा : आपल्या गावाच्या पाण्याची वही कोणाजवळ आहे? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर समजा, की गावात एक जागा रिकामी आहे. ती आपल्याच घरच्या पोराने किंवा पोरीने का भरू नये?