किल्ली कुणाची, दार कुणाचे?

मी इतिहासाचा विद्यार्थी. संगणकाशी माझे नाते टंकलेखनापलीकडे कधी गेले नव्हते. पण गेल्या वर्षी विभागातील जुन्या मोडी कागदांची छायाचित्रे सर्व्हरवर चढविण्याचे काम माझ्याकडे आले, आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हरने माझ्यासकट साऱ्या विभागाला दारातच अडवले. चूक माझीच होती. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

दूरच्या सर्व्हरवर शिरण्यासाठी 'ओपन-एसएसएच' ही मुक्तस्रोत प्रणाली जगभर वापरली जाते. तिचा पूर्वज असलेला 'एसएसएच' फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली लिहिला. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी येता-जाता पासवर्ड टिपून घेतले होते. त्यावरचा हा उपाय. पुढे १९९९ मध्ये ओपन-बीएसडीच्या मंडळींनी 'ओपन-एसएसएच' सर्वांसाठी खुले केले.

यात पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा दिली की दोन फायली तयार होतात. एक खासगी, दुसरी सार्वजनिक. म्हणायला दोन्ही किल्ल्याच, पण सार्वजनिक फाईल हे कुलूप समजावे. ते हवे तितक्या दारांना लावा. सर्व्हरवर आपल्या खात्यात 'ऑथोराइज्ड कीज' नावाची यादी असते. तीत माणशी एक ओळ. खासगी किल्ली मात्र आपल्या यंत्राबाहेर जात नाही. आत शिरताना तिने केलेली सही तेवढी पुढे जाते आणि सर्व्हर ती यादीशी पडताळून पाहतो. वाटेत टपून बसलेल्याच्या हाती काहीच लागत नाही. खासगी किल्लीला परवलीचे वाक्य लावावे, म्हणजे यंत्र चोरीला गेले तरी ती लगेच कामी येत नाही.

आता माझा पराक्रम. एक फाईल लिहिता येईना, म्हणून मी विभागाच्या अख्ख्या खात्याला ७७७ परवानगी देऊन टाकली. म्हणजे कुणीही वाचा, कुणीही लिहा! पण यादीत कुणालाही ओळ घुसडता येत असेल, तर त्या यादीला अर्थ काय? म्हणून ओपन-एसएसएच अशी यादी मानतच नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या सरांनी खात्यावरचा इतरांचा लिहिण्याचा हक्क काढला, किल्ल्यांच्या कप्प्याला ७०० आणि यादीला ६०० परवानगी दिली, दार उघडले.

त्या निमित्ताने यादी प्रथमच कुणीतरी वाचली. ओळी सात, त्यांतील चौघे केव्हाच महाविद्यालय सोडून गेलेले. त्यांची दारे उघडीच होती, कारण ही किल्ली आपोआप बाद होत नाही. ओळ कुणीतरी पुसावी लागते. २००८ साली डेबियन प्रणालीत असा दोष सापडला, की दोन वर्षांत तिच्यावर बनलेल्या एकेका प्रकारच्या किल्ल्या ३३ हजारांच्या आतच संभवत होत्या. चोराने एकेक लावून पाहावी इतक्या थोड्या. प्रणाली दुरुस्त करून भागले नाही. जगभर याद्या वाचून त्या ओळी काढाव्या लागल्या. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी नाव व तारीख लिहावी, आणि माणूस गेला की ओळही काढावी.

सातवी ओळ कुणाची, हे कुणालाच सांगता येईना. पुसावी तर कुणाचे तरी काम अडायचे. ठेवावी तर परक्याला दार मोकळे. अखेर पुसली. आजवर कुणाचीही तक्रार आलेली नाही. खरे सांगायचे, तर त्याचीच मला अधिक काळजी वाटते.