अंदमानात रेंज फुल, तरी नेट का अडायचं? समुद्राखालच्या केबलची गोष्ट

पुण्यातून अंदमानला जाऊन आलेल्या एखाद्या जुन्या पर्यटकाला विचारा. "फोनवर रेंज दिसायची, पण व्हॉट्सॲपवर एक फोटोही जायचा नाही," असं तो हमखास सांगेल. आता तिथून व्हिडिओ कॉल होतात. मग मधल्या काळात बदललं काय? चला, समजून घेऊया.

रेंज म्हणजे नेट नव्हे

फोनवरच्या काड्या फक्त एवढंच सांगतात की जवळच्या टॉवरचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत पोहोचतोय. टॉवरपासून पुढे डेटा कसा जातो, हे त्यातून कळत नाही. पुण्यात टॉवरच्या मागे जमिनीतून फायबरचं जाळं आहे. अंदमानच्या मागे मात्र समुद्र आहे. चेन्नई तिथून सुमारे १४०० किमी लांब, जहाजाने जायला साधारण तीन दिवस लागतात.

त्यामुळे २०२० पर्यंत सगळी भिस्त सॅटेलाइटवर होती. असा सॅटेलाइट सुमारे ३६,००० किमी उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव सेकंद. म्हणजे क्लिक केल्यावर किमान अर्धा सेकंद नुसता प्रवासातच! त्यात सॅटेलाइटची क्षमता मर्यादित आणि वापरणारे अनेक. एकाच नळावर अख्खी सोसायटी, तसा प्रकार.

केबलने काय केलं?

१० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई–अंदमान केबल सुरू झाली. एकूण लांबी सुमारे २३०० किमी, खर्च सुमारे १२२४ कोटी रुपये. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) ती स्वराज द्वीप म्हणजे जुनं हॅवलॉक, लाँग आयलंड, रंगत, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबारपर्यंत जाते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी धावतो. त्यामुळे चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे अंतर तो ७–८ मिलिसेकंदांत कापतो. लक्षद्वीपलाही जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून अशीच केबल मिळाली.

केबल तुटली तर?

जानेवारी २०२२ मध्ये टोंगा या बेटांच्या देशात ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी त्यांची केबल तुटली. ती दुरुस्त व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. आपले लोक सुखरूप आहेत का, हेच परदेशातल्या नातेवाइकांना कळेना. म्हणून केबल आली तरी बेटांवर सॅटेलाइटची सोय मोडीत काढत नाहीत.

फेरीत बसण्याआधी हे करा

बेटांमधला प्रवास अजूनही मुख्यतः बोटीने होतो. पोर्ट ब्लेअर ते स्वराज द्वीप साधारण दीड ते अडीच तास. केबल तुमच्या खालून जात असली, तरी भर समुद्रात टॉवर नाही, म्हणजे फोन बंदच समजा.

- फेरीचं तिकीट, हॉटेल बुकिंग आणि ओळखपत्र फोनमध्ये सेव्ह करा. स्क्रीनशॉटही चालेल.
- नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा. जीपीएसला नेट लागत नाही.
- बोटीत एअरप्लेन मोड लावा. नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते.
- थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. नेट अडलं की यूपीआयही अडतं.
- घरी आधीच सांगा, "दोन-तीन तास फोन लागणार नाही." आई-बाबांचा जीव टांगणीला लागायला नको.

आणि एक महत्त्वाचं. हवा बिघडली की फेरी रद्द होते. म्हणून शेवटच्या बेटावरून परतणं आणि पुण्याकडे येणारं विमान एकाच दिवशी ठेवू नका. केबलमुळे फेरी रद्द झाल्याचा मेसेज लगेच येईल, पण समुद्र तुम्हाला बोटीनेच ओलांडायचा आहे!