मालवणचा समुद्र शांत असतो, तो कधी आणि का?

कोल्हापूर : घाट उतरून चार तासांत गाठता येणारा मालवणचा किनारा कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा आहे. हे नाते पर्यटनाहून जुने आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण बंदर एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. इंग्रजांनी १७६५ मध्ये किल्ला घेऊन त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरला परत मिळाला. मात्र १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले. गलबतांच्या जागी आता पर्यटकांच्या यांत्रिक होड्या आल्या असल्या, तरी शिडाच्या काळातील समुद्राचे नियम बदललेले नाहीत.

भूमध्य समुद्रातील बेटांभोवती शिडाच्या नौका फिरतात त्या प्रामुख्याने उन्हाळ्यात. कोकणात ऑक्टोबरअखेर ते एप्रिल हा अनुकूल काळ होय. जूनपासून नैऋत्य मोसमी वारे समुद्राकडून जमिनीकडे जोराने वाहतात. अशा वाऱ्यात शिडाची नौका खडकाळ किनाऱ्यावर लोटली जाते. म्हणूनच नारळी पौर्णिमेपर्यंत नौका किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची प्रथा पडली.

हिवाळ्यात वाऱ्याचे दैनंदिन चक्र चालते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. दुपारी तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारा वारा येतो. पूर्वी कोळी पहाटेच्या वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारच्या वाऱ्यावर परतत. सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी दुपारनंतर खवळते, त्याचे कारणही हेच.

मालवणच्या शांततेचे दुसरे कारण म्हणजे तेथील खडक. सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट, पद्मगड आणि भोवतालचे बुडालेले खडक लाटांचा जोर मोडतात. त्यामुळे आतील पाणी संथ राहते. शिवकाळात १६६४ मध्ये किल्ल्यासाठी हीच जागा निवडली गेली, कारण वाट ठाऊक नसलेल्या शत्रूला हे खडक घातक होते. अनोळखी नौकेला ते आजही तितकेच घातक आहेत. देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी धोका वेगळा आहे. ओहोटीला नदीचे पाणी वेगाने बाहेर पडते, समोरून लाटा येतात आणि उथळ पाण्यात त्या एकाएकी उंच होतात.

मे महिन्यात समुद्राचा स्वभाव पालटू लागतो. शाळांच्या सुट्टीमुळे गर्दीही याच महिन्यात असते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळाने या किनाऱ्याला तडाखा दिला. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला.

समुद्राला माणसापासूनही जपावे लागते. मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटर परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. येथील प्रवाळांवर नांगर टाकल्यास वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. वेंगुर्ल्यासमोरील दीपगृह असलेल्या खडकाळ बेटांवर पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांच्या घरट्यांची तस्करी पूर्वी उघडकीस आली होती. विणीच्या काळात तेथे उतरणे पक्ष्यांना बाधक ठरते.

पर्यटकांनी शक्यतो सकाळची वेळ निवडावी, जीवरक्षक जाकीट अंगावर चढवूनच होडीत पाय ठेवावा आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे दिसल्यास चढू नये. हवामान खात्याचा इशारा असल्यास बेत रद्द करावा. तांडेल ‘आज नको’ म्हणाला, तर जास्त पैसे देऊन दुसरी होडी शोधू नये. तो वारा ओळखूनच बोलत असतो.