कठड्याला पत्र्याची टोपी

स्लॅबचे घर झाले, आता दरवर्षी कवेलू फेरायची कटकट संपली, असे आपण समजतो. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी या भागांत कवेलूच्या जागी स्लॅबची घरे पुष्कळ झाली. तरीही श्रावणात आतली भिंत ओल धरते, चुन्याचे पोपडे सुटतात आणि भिंतीला लावून ठेवलेल्या धानाच्या पोत्यांना बुरशी येते. मग मिस्त्री येतो, स्लॅबवर डांबर नाहीतर रसायन फासतो, पैसे घेतो. पुढच्या पावसाळ्यात ओल पुन्हा हजर!

पुष्कळदा दोष स्लॅबचा नसतोच, पाणी कठड्यातून उतरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, कठड्याच्या माथ्यावरचे प्लॅस्टर तापून तडकते. केसाएवढ्या त्या भेगांतून पाणी विटांत शिरते आणि विटाविटांतून स्लॅबच्या खालच्या भिंतीत येते. तलावाच्या पाण्यावर धान करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पाळीला भेग एकीकडे असते, झिरपा निघतो दुसरीकडे.

म्हणून खर्चाआधी परीक्षा करा. उन्हाळ्यात, भिंत कोरडी असताना, स्लॅब न भिजवता फक्त कठड्याच्या माथ्यावर तासभर बारीक धारेने पाणी सोडा. आत डाग उमटला तर चोर सापडला.

उपाय म्हणजे माथ्यावर जी. आय. पत्र्याची टोपी. पत्रा २२ गेजचा घ्यावा. पातळ पत्रा वाऱ्याने फडफडतो. कठड्याची रुंदी प्लॅस्टरसह चार-पाच ठिकाणी मोजा, कारण भिंत सगळीकडे सारखी नसते. दोन्ही बाजूंना पत्रा २-३ इंच खाली यावा आणि त्याची खालची कड भिंतीपासून अर्धा इंच बाहेर वळवावी, म्हणजे थेंब भिंतीला न चिकटता सुटून पडतो. कड दुमडलेली हवी. वर मोहफूल, लाखोळी वाळत घालायला लेकरेबाळे जातात, त्यांचे हात कापू नयेत. माथ्याला उतार द्यायचा तो आत, स्लॅबकडे.

खरी गोम बसवण्यात आहे. वरून खिळे ठोकू नका. प्रत्येक खिळा म्हणजे पाण्याला नवे दार. बाहेरच्या बाजूला पत्र्याची अखंड पट्टी भिंतीला स्क्रूने पक्की करून तिच्यात टोपीची कड अडकवावी. आतल्या बाजूला लांबट भोक पाडून रबरी वायसरसह स्क्रू मारावा. भोक लांबट का? ८ फुटी पत्रा हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. त्याला जागा नसली तर तो फुगतो आणि स्क्रू उपटतो. याच कारणाने दोन पत्र्यांमध्ये ५ मिलिमीटर फट ठेवावी, खाली पत्र्याचा तुकडा घालावा आणि लुकण भरावे. आंबट वासाचे सिलिकॉन जस्त खाते, ते घेऊ नका. पत्रा कात्रीने कापा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी जस्त जळते आणि तिथूनच गंज धरतो. ओल्या सिमेंटवरही पत्रा ठेवू नये. माथा नीट वाळू द्यावा, मध्ये डांबरी कागद घालावा.

ऐपत नसेल तर? माथ्यावर उताराचा सिमेंटचा थर द्या, तो भिंतीबाहेर दोन इंच काढा आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच ठेवा. वाईट बसवलेल्या पत्र्यापेक्षा हे केव्हाही बरे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. विजेची सर्व्हिस वायर कठड्यावरून घासत आली असेल तर ती आधी वीज कंपनीच्या माणसाकडून उंच करून घ्या, मगच पत्रा चढवा. वायरचे वेष्टन झिजले तर सगळा पत्रा जिवंत होईल.

काम रोहिणी सरायच्या आत उरका. पुढे दरवर्षी मृगाआधी पन्हाळीतले तणस, पालापाचोळा काढताना सांध्यांवरून हात फिरवा आणि लुकण सुटले असेल तेवढेच भरा.